पंख्यातली कणी

"आता हा सुरू झाल्याशिवाय तुमची सुटका नाही, पिसाळ," असं म्हणत अण्णा फणसळकरांनी जाळीच्या दाराला आतून कुलूप घातलं, किल्ली जानव्याला अडकवली आणि जानवं बनियनच्या आत सोडून दिलं.

मी हसलो. ते हसले नाहीत.

शनिवार होता, सकाळचे साडेनऊ वाजले होते. कराडच्या सोमवार पेठेत एका तीनमजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर अण्णांचं बिऱ्हाड. दिवाळीच्या आधी खालच्या मजल्यावर चोरी झाली आणि तेव्हापासून अण्णांचं दार दिवसाढवळ्यासुद्धा कुलपात असायचं. आत आलेला दूधवालादेखील त्यांच्या मर्जीनंच बाहेर पडायचा. मोजणी खात्यात आयुष्य घालवून निवृत्त झालेला माणूस. चतुःसीमा आखून घेतल्याशिवाय त्यांना चैन पडत नसावं.

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो आणि स्टँडसमोरच्या एका दुकानात कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करत होतो. मालक मला चारचौघांत 'डॉक्टर' म्हणायचे, आणि मीही ते खरं धरून चाललो होतो. बिघाड सापडलाच नाही, असं तोवर एकदाही झालेलं नव्हतं. त्याचा मला माज होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्या दिवशी जे झालं त्यात ह्या माजाचा वाटा मोठा आहे.

दुखणं एकच होतं. कॉम्प्युटर हँग व्हायचा. सुरू केला की दहा-अकरा मिनिटं गुणी बाळासारखा चालायचा आणि मग जागच्या जागी थिजायचा. बाण हलायचा नाही, कळा बडवल्या तरी अक्षर उमटायचं नाही. बंद करून पुन्हा लावला की पुन्हा तीच दहा-अकरा मिनिटं.

बरं, ह्याच दुखण्यासाठी मी तीन आठवड्यांपूर्वी येऊन गेलो होतो. तेव्हाचा बिघाड मजेशीर होता. उभा ठेवला तर धक्क्यानं पडेल म्हणून अण्णांनी तो लोखंडी डबा टेबलावर आडवा निजवला होता, त्यामुळे त्याच्या कुशीतली हवेची जाळी वर आली होती. खंडेनवमीला विळी, सुरी, मोजणीची जुनी साखळी यांच्या पंगतीत त्यांनी कॉम्प्युटरचीही पूजा केली. हळदकुंकू वाहिलं, अक्षता वाहिल्या, आणि त्या जाळीतून थेट आतल्या छोट्या पंख्यात गेल्या. पंखा अडला की प्रोसेसर तापतो, आणि तो तापला की सगळं थिजतं. मी चिमट्यानं कुंकू लागलेले चार दाणे काढले आणि शेजारी उभ्या असलेल्या वृंदावहिनींच्या तळहातावर ठेवले.

"एवढ्याशा दाण्यानं सगळं बंद पडतं?" त्यांनी विचारलं होतं.

"एक दाणा बास आहे, वहिनी," मी ऐटीत म्हणालो होतो.

वृंदावहिनी अण्णांच्या सूनबाई. पस्तिशीच्या आत-बाहेर वय, बोलणं हळू, डोळ्यांना चष्मा. नवरा मस्कतला, वर्षातून एकदा येणारा. मूलबाळ नव्हतं. सासू जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून त्या घरात ही दोनच माणसं आणि तिसरा तो कॉम्प्युटर. अण्णांनी फणसळकर घराण्याचा कुलवृत्तांत लिहायला घेतला होता. मूळ पुरुषापासून आजच्या पाळण्यातल्या पोरापर्यंत सगळ्या शाखा, सगळी नावं, कोण कुठं गेला, कोणाची बायको कुठली. अण्णा आरामखुर्चीत बसून सांगायचे आणि वहिनी टाइप करायच्या. सकाळी दहा ते एक, दुपारी तीन ते सहा. कचेरीतसुद्धा कोणी इतकं नेमानं बसत नसेल.

"हे बघा पिसाळ," त्या शनिवारी अण्णा म्हणाले, "आज मला काय तो निकाल हवा. चालत असेल तर काम घरात होईल. चालत नसेल तर मी सगळे कागद साताऱ्याच्या छापखान्यात टाइप करायला देऊन टाकतो. आणि मग ही मोकळी. जाऊ दे नोकरीला."

"नोकरीला?" मी विचारलं.

उत्तर वहिनींनी दिलं नाही, अण्णांनीच दिलं. "इथल्या सरकारी प्रयोगशाळेत. पाणी तपासायचं. बी.एस्सी. आहे ना! परीक्षा दिली, पास झाली, ऑर्डर आली. सोमवारी दहा वाजता हजर व्हायचंय. एकदा मुदत वाढवून घेतली, आता पुन्हा देणार नाहीत म्हणतात. मी काही आडमुठा नाही. मी म्हटलं, माझं काम आटोपून जा. पण हातातलं काम अर्धं टाकून फणसळकरांच्या घरातलं कोणी उठत नाही."

वहिनी चहा ठेवायला आत गेल्या. कपाटावर, बशीखाली दाबून ठेवलेला, सरकारी शिक्क्याचा कागद मला दिसत होता.

म्हणजे प्रकरण सरळ होतं. कॉम्प्युटर चालला तर वहिनी घरात, नाही चालला तर वहिनी प्रयोगशाळेत. हे मला तेव्हाच, पहिल्या पाच मिनिटांत समजलं होतं. पण समजणं निराळं आणि डोक्यात शिरणं निराळं. माझ्या डोक्यात एकच किडा वळवळत होता, की घोडं नेमकं कुठं पेंड खातंय.

पंखा मीच साफ केला होता. माझ्या हाताखालून गेलेल्या वस्तूत तोच बिघाड पुन्हा असणार नाही, हे मी गृहीतच धरलं, आणि डबा न उघडता बाकी सगळीकडे शोधत बसलो. व्हायरस तपासला. विजेचा दाब तपासला. मराठी अक्षरांचा प्रोग्रॅम काढून पुन्हा घातला. दर खेपेला दहा मिनिटं झाली की मी श्वास रोखून पडद्याकडे बघायचो, आणि अकराव्या मिनिटाला बाण थिजायचा. खोलीच्या खिडक्या बंद, कारण धूळ येते. वरचा पंखा बंद, कारण अण्णांचे कागद उडतात. घामानं माझा सदरा पाठीला चिकटला होता. अण्णा आरामखुर्चीतून माझ्या प्रत्येक हालचालीवर नजर ठेवून होते. दोन वाजता मला उंब्रजला दुसरं काम होतं, म्हणून मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

"घड्याळाकडे बघू नका, कामाकडे बघा," अण्णा म्हणाले.

त्या घरात दीड तास झाला आणि मला खरंच गुदमरायला लागलं. लघवीचं निमित्त करून मोरीत जाऊन आलो, तर तिथल्या झरोक्यालाही नवी जाळी. परत येताना दारावरच्या कुलपाकडे नजर गेली. मला तिथं दीड तास झाला होता. वहिनींना सहा वर्षं झाली होती.

अकरा वाजता अण्णा सकाळी राहून गेलेल्या देवपूजेला उठले. सोवळं नेसून देवघरात गेले आणि किल्लीही त्यांच्याबरोबर गेली. आतून घंटा वाजायला लागली तशा वहिनी टेबलापाशी आल्या.

"सापडलं काही?"

"सापडेल. सापडल्याशिवाय जातोय कुठं?"

"आणि नाहीच सापडलं तर?"

"असं होत नाही, वहिनी."

"एकदा झालं तर काय बिघडतं?"

मला वाटलं, बाई मला चिडवताहेत. मी म्हणालो, "बघत राहा." इतका मी शहाणा.

कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला होता. फाइलीच खराब असतील तर बघावं म्हणून मी कुलवृत्तांताचा कप्पा उघडला. आत यादी होती. 'कुलवृत्तांत शेवटचे'. त्याखाली 'शेवटचे २', 'शेवटचे ३', असं करत करत 'शेवटचे १९'.

"ह्यातलं शेवटचं कुठलं?"

"सगळीच," वहिनी म्हणाल्या.

मी तिसरी फाइल उघडली आणि एकोणिसावी उघडली. पहिलं पान तेच. शंभरावं पान तेच. एके ठिकाणी 'पुत्र' खोडून 'मुलगा' केलं होतं आणि नंतरच्या फाइलीत त्या मुलग्याचा पुन्हा पुत्र झाला होता.

"हे पुस्तक तर झालंय की हो!"

"दोन वर्षं झाली."

"मग देत का नाहीत छापायला?"

वहिनींनी देवघराकडे बघितलं. घंटा थांबून अण्णांचा अथर्वशीर्षाचा आवाज येत होता. "पुस्तक संपलं की मी मोकळी होते ना," त्या म्हणाल्या. "ते वाईट नाहीत हो. माझ्या वडिलांनी शिकवलं नाही इतकं त्यांनी शिकवलंय मला. मोडी वाचता येते मला, माहितेय? पण सासूबाई गेल्या आणि घर त्यांना खायला उठलं. दिवसभर समोर माणूस लागतं. 'बस माझ्याजवळ' असं म्हणता येत नाही त्यांना. जन्मात कधी कोणाला म्हटलेलं नाही. म्हणून मग पान एकशे चाळीस पुन्हा घ्यायचं."

"मग तुम्ही सांगत का नाही, की झालंय म्हणून?"

"सांगितलं की. एकदा. तीन दिवस जेवले नाहीत."

तेवढ्यात बाण थिजला. बरोबर अकरा मिनिटं.

आता मात्र मी चिडलो. वायरी काढल्या, स्क्रू सोडवले आणि डब्याचं झाकण उचललं. रॅमची पट्टी खोडरबरानं घासून बघावी असं मनात होतं. पण झाकण उचलताच माझी नजर पंख्यावर गेली. पंख्याच्या मध्यावर, आसापाशी, पांढरं पांढरं काहीतरी दाटून बसलं होतं.

"सापडलं!" मी ओरडलो.

लग्नात बँडवाले ओरडत नाहीत इतक्या मोठ्यानं ओरडलो. आतलं अथर्वशीर्ष थांबलं.

"कशाला ओरडलात?" वहिनी म्हणाल्या. एवढंच, आणि तेही कुजबुजत. पण त्या पंख्याकडे बघत नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर रंग म्हणून उरला नव्हता. तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला. एक दाणा बास आहे, वहिनी. मीच सांगितलं होतं. त्यांच्या तळहातावर ठेवून सांगितलं होतं.

मला अजून आठवतं, पहिला विचार मनात आला तो झाकण परत ठेवून देण्याचा. पण हात हलायच्या आत अण्णा देवघरातून बाहेर आले होते, सोवळ्यातच.

"काय सापडलं?"

मी घाईघाईनं म्हणालो, "अक्षता आहेत, अण्णा. लक्ष्मीपूजनाच्या. परत तेच झालं बघा, वरून पडल्यात."

"शक्य नाही. लक्ष्मीपूजनाला मी वर फडकं घातलं होतं. तुम्हीच सांगितलं होतंत."

"मग मागच्याच राहिल्या असतील कोपऱ्यात. मघाशी हलवताना सरकल्या."

"बघू."

त्यांनी हात पुढं केला. काय करणार? मी चिमट्यानं थोडे दाणे काढून त्यांच्या तळहातावर टाकले. अण्णांनी खुंटीवरच्या सदऱ्यातून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि ते दाणे एका बोटानं पसरले.

"अक्षता म्हणजे काय, पिसाळ?"

"म्हणजे... लग्नात टाकतात त्या."

"शब्द बघा. अ-क्षत. न मोडलेला. मोडका दाणा देवाला चालत नाही. अक्षतांचा तांदूळ मी स्वतः निवडतो, एकेक दाणा सबंध बघून. आणि त्याला कुंकू लावतो." त्यांनी तळहात माझ्या नाकासमोर धरला. "ही कणी आहे."

मला काय ठाऊक! आमच्या गावाकडं लग्नात ज्वारी उधळतात, नाहीतर रेशनचा तांदूळ, अर्धा तुकडाच, हळदीत घोळवलेला. नवरा-नवरीच्या डोक्यावर पडला की झाली अक्षता. मोडका का सबंध, हे बघायला कोणाला सवड असते? वहिनींनी डब्यातली हाताला आली ती कणी टाकली, आणि मी माझ्या अडाणीपणानं तिला अक्षता म्हणालो. दुसरं काहीही म्हणालो असतो तरी चाललं असतं.

"उंदरानं आणली असेल," मी शेवटचा प्रयत्न केला.

"उंदीर कणी खातो. पेरत नाही."

अण्णा वहिनींकडे वळले नाहीत. तळहातावरच्या कणीकडेच बघत राहिले.

"मी टाकली," वहिनी म्हणाल्या.

अण्णा आरामखुर्चीत बसले. सोवळ्यात खुर्चीला शिवायचं नसतं हेही विसरले. म्हणाले, "मी तुला लेकीसारखं शिकवलं. आणि तू माझ्या कामात कणी टाकलीस?"

"तुमचं काम संपलंय, अण्णा. दोन वर्षांपूर्वी संपलंय. एकोणीस वेळा संपलंय."

"चुका आहेत त्यात."

"नाहीत."

"आहेत!"

त्या 'आहेत'मध्ये राग कमी होता आणि भीती जास्त होती. मला तिथं उभं राहवेना. कोणाच्या घरातलं हे असं बोलणं बाहेरच्यानं ऐकू नये. पण बाहेर जाणार कुठून? मी दाराकडे बघितलं, कुलपाकडे बघितलं, आणि अण्णांच्या उघड्या छातीवर जानव्याला जी किल्ली लोंबत होती तिच्याकडे बघितलं.

"पिसाळ." अण्णांनी एकदम मलाच पकडलं. "हा चालेल की नाही?"

वहिनी माझ्याकडे बघत होत्या. 'नाही' म्हणायला काय लागत होतं? प्रोसेसर जळला, संपला विषय. अण्णांना त्यातलं काही कळत नव्हतं. पण इकडे आड आणि तिकडे विहीर असं मला झालं होतं. 'नाही' म्हणालो तर हा म्हातारा मला संध्याकाळपर्यंत सोडणार नाही अशी धास्ती होती. दुकानात येऊन मालकांना सांगेल, डॉक्टरला कणी काढता आली नाही, ही लाज होती. आणि खरं सांगायचं तर मला तिथून सुटायचं होतं. दुसऱ्या कोणाचं काय होईल ह्याच्याशी मला त्या क्षणी देणंघेणं नव्हतं.

"चालेल," मी म्हणालो.

वहिनींनी मान खाली घातली. त्या रडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

चार मिनिटांचं काम. कणी काढली, ब्रशनं पंखा झाडला, बोटानं फिरवून बघितला, झाकण लावलं, वायरी जोडल्या. कॉम्प्युटर सुरू झाला. हात काम करत होते आणि मला माझ्या हातांचीच शिसारी येत होती.

"झालं," मी म्हणालो. "किल्ली द्या, अण्णा. निघतो."

"थांबा. अकरा मिनिटं बघू द्या. वृंदा, बस. आपलं पान काढ, दोनशे बारा."

वहिनी खुर्चीवर बसल्या. पान आलं. शेवटची शाखा, शेवटचं घर. अण्णा मागं उभं राहून, हात पाठीशी बांधून सांगू लागले. आवाज पहिल्यासारखा खणखणीत करायचा प्रयत्न होता, पण तो मध्येच फाटत होता.

"मुकुंद दामोदर, हे आहेच. पत्नी वृंदा, माहेरचे नाव सुलभा रघुनाथ ओगले. शिक्षण बी.एस्सी. हेही आहे. पुढं घाल. 'गृहकृत्यदक्ष असून प्रस्तुत ग्रंथाचे टंकलेखन पाहतात.' पूर्णविराम."

वहिनींची बोटं चालू लागली. सहा वर्षांची सवय, पडद्याकडे न बघताच टाइप करायच्या. मी मात्र त्यांच्या बोटांकडे बघत होतो. मला मराठी टाइप करता येतं. त्यामुळे बोटं भलत्याच कळांवर पडताहेत हे मला दोन शब्दांतच उमगलं. वहिनींचं टाइप करून झालं, हात मांडीवर आले. पडद्यावर लिहिलं होतं:

'शासकीय पाणी तपासणी प्रयोगशाळा, कराड येथे सोमवार, ता. ७ नोव्हेंबरपासून रूजू.'

अण्णांनी वाकून वाचलं. दोनदा वाचलं.

"हे खोटं आहे."

"आज खोटं आहे," वहिनी म्हणाल्या. "परवा असणार नाही."

"वृंदा, ह्या ग्रंथात एक अक्षर खोटं नाही. एका चुलत्याला तुरुंग झाला होता तोही मी छापतोय. तीनशे वर्षांत..."

"म्हणूनच इथं लिहिलं. दुसरीकडे कुठं लिहून उपयोग नव्हता."

त्या उठल्या. खुर्ची नीट आत सरकवली आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. ओरडणं नाही, रडणं नाही. खुर्ची रिकामी झाली तेव्हा मला कळलं की अण्णांना त्या यंत्राचं काहीच येत नाही. सहा वर्षांत त्यांनी एका कळेला बोट लावलं नव्हतं.

ते माझ्याकडे वळले. "पिसाळ, खोडा ती ओळ."

खोडायला टायपिंग लागत नाही. एक कळ दाबून धरली की ओळ मागं मागं जात नाहीशी होते, पहिलीतलं पोरही करेल. वहिनींना हे ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं.

"मला मराठी टायपिंग येत नाही, अण्णा," मी म्हणालो.

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मघाशी कणीकडे बघितलं होतं तसंच, चष्म्यातून, निवडून. मी नजर हलवली नाही. आता हा माणूस काय वाटेल ते करो, आपण काही ती कळ दाबणार नाही, असं मी मनाशी घट्ट धरून उभा होतो. एवढा हट्ट पुन्हा मी आयुष्यात कोणाच्या बायकोसाठी, बहिणीसाठी, स्वतःसाठीसुद्धा केला नाही.

"शिकून घ्या," ते म्हणाले.

"घेईन."

मग आम्ही तिघंही पडद्याकडे बघत उभे राहिलो. ओळीच्या शेवटी ती उभी रेघ लुकलुकत होती. नऊ मिनिटं झाली, दहा झाली. अकरावं मिनिट आलं तेव्हा मला वाटलं, अण्णा मनातल्या मनात थिज म्हणत असतील. थिजला की बंद करावाच लागेल, आणि बंद केला की ती ओळ आपोआप जाईल, एवढं त्यांना माहीत होतं. बारावं मिनिट गेलं. पंखा आत बिनबोभाट फिरत होता. माझं काम चोख होतं, त्यात वाद नाही.

अण्णांनी खुर्ची ओढली आणि पहिल्यांदाच त्या टेबलासमोर बसले. नाक पडद्याला लागेल इतके पुढं वाकले. ओळीवरून एक बोट हळूहळू नेलं, जुन्या नकाशावरची हद्द तपासावी तसं. सोमवारपाशी बोट थांबलं. पुढं गेलं. शेवटच्या शब्दावर पुन्हा थांबलं आणि तिथंच राहिलं. त्यांचा दुसरा हात गळ्याशी गेला, जानवं चाचपत. चष्मा काढून त्यांनी सोवळ्याच्या टोकानं डोळे पुसले, काच नाही, डोळे, आणि चष्मा परत लावला.

"वृंदा, इकडे ये," ते म्हणाले. "रुजूतला रु ऱ्हस्व असतो. तो आधी दुरुस्त कर. सोमवारी हजेरीपटावर असलं काही लिहिलंस, तर फणसळकरांची शोभा होईल."